एफ-२ दाबलं की आवाज का कमी होतो? लिनक्सवर फंक्शन कीज मनासारख्या करण्याची रीत

राजेंद्रनगरमधल्या एका काकूंच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला आणि त्यांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं. मशीन तसं ठणठणीत होतं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकून दिलं. काकू गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब ठेवतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या तक्त्यांच्या ॲपमध्ये) त्यांचा हात दोन दिवसांत बसला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अरे, आकडा सुधारायला एफ-२ दाबते तर आवाजच कमी होतो. दुकानात दाखवला, तर ते म्हणतात कीबोर्ड बदलावा लागेल."

"काकू, एक पैसाही देऊ नका. संध्याकाळी येतो मी."

कीबोर्ड धडधाकट होता. पेनड्राइव्हवरून मिंट चढवताना मी बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारी, चिपमधली मूळ व्यवस्था) मूळ स्थितीवर नेलं होतं, आणि त्यातच फंक्शन बटणांची निवडही मूळ जागी गेली होती. दहा मिनिटांचं काम. पण त्यानंतर रामबागेपासून सुदामानगरपर्यंत हाच प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. लिनक्सवर आजच पाऊल ठेवलेल्या माणसालाही करता येईल, अशा बेताने लिहितो आहे.

निर्णय नेमका कोण घेतं

कीबोर्डच्या वरच्या ओळीत एफ-१ ते एफ-१२ अशी बारा बटणं असतात. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ती दहाच होती, तीही डाव्या अंगाला दोन उभ्या रांगांत. पुढे ती बारा झाली आणि वर सरकली. लॅपटॉप आल्यावर जागा कमी पडू लागली, तेव्हा आवाज, उजेड, वायफाय यांची चित्रं त्याच बटणांवर छापली गेली आणि कोपऱ्यात एफएन नावाचं एक बटण आलं. आता प्रत्येक बटणाची दोन कामं झाली. नुसतं दाबल्यावर कोणतं काम व्हावं आणि एफएन धरून दाबल्यावर कोणतं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

हे ठरवणारं ठिकाण सगळ्या मशीनमध्ये एकच नसतं. नव्या माणसाची फसगत इथेच होते. बहुतेक लॅपटॉपमध्ये निर्णय कीबोर्डच्या मागची छोटी चिप घेते. एफएन दाबलं आहे हे लिनक्सला कळतही नाही. त्याच्यापर्यंत थेट "एफ-२" तरी पोचतं किंवा "आवाज कमी कर" तरी. अशा मशीनवर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कितीही आज्ञा दिल्या तरी उपयोग नाही. ॲपलच्या, आणि कीक्रॉन या कंपनीच्या अनेक कीबोर्डचं याच्या बरोबर उलट आहे. तिथे बटण आपलं नाव सांगतं, एफएन वेगळं कळतं, आणि दोन्हींचा अर्थ लिनक्सचा ड्रायव्हर (साधन चालवणारा छोटा प्रोग्राम) लावतो. तिथे बायोसमध्ये शोधत बसणं व्यर्थ.

म्हणून कुठेतरी सापडलेली आज्ञा आधी चिकटवून बघू नका. आधी तपासा. पाच मिनिटं लागतात आणि पुढचा तास वाचतो.

आज्ञा लिहिण्याबद्दल थोडं

मी बहुतेकांना फोनवरून मदत करतो, त्यामुळे आज्ञा तोंडी सांगायची सवय आहे. इथेही त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, पण टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या, सगळी अक्षरं लहान लिपीत. जिथे स्पेलिंग अडेल तिथे अक्षरं सुटी सांगेन. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक ठेवलं असेल, तर टर्मिनल उघडण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. नाहीतर आज्ञा देवनागरीत उमटेल आणि संगणक "अशी आज्ञा नाही" म्हणेल. पासवर्ड टाकताना तर काहीच दिसत नाही, त्यामुळे चूक ध्यानातही येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या "पासवर्ड चालत नाही" या तक्रारींपैकी बऱ्याच अशाच निघतात.

आणखी एक सोय सांगतो. लांबलचक पत्ता टाइप करताना नावाची पहिली तीन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा. पुढचं नाव लिनक्स स्वतः पुरं करतं. ते पुरं झालं नाही, तर तोपर्यंत कुठेतरी अक्षर चुकलं आहे असं समजा.

तपासणी

मिंट किंवा उबुंटूवर (हाही लिनक्सचाच एक प्रकार) कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा, टर्मिनल उघडेल. त्यात लिहा:

सुडो एपीटी इन्स्टॉल ईव्हीटेस्ट

सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, पुढची आज्ञा मालकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द. शेवटचा शब्द ई-व्ही-टी-ई-एस-टी, सलग. पासवर्ड टाका, साधन उतरून बसेल. मग लिहा:

सुडो ईव्हीटेस्ट

आता जोडलेल्या साधनांची क्रमांकवार यादी येईल. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डचं नाव बहुधा "एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड" असं असतं. त्याच्यापुढचा आकडा टाकून एंटर दाबा. सुरुवातीला खूप मजकूर सरसर वाहून जाईल, घाबरू नका. तो थांबला की एफ-२ एकदाच दाबा आणि उमटलेली ओळ वाचा. तिच्यात "की अंडरस्कोर एफ-२" दिसलं, तर बटण आपलं खरं नाव सांगतं आहे. "व्हॉल्यूम डाउन" किंवा "ब्राइटनेस डाउन" दिसलं, तर बटण कामाचं नाव सांगतं आहे. काहीच उमटलं नाही, तर कंट्रोल-सी दाबून बाहेर या आणि यादीतलं दुसरं साधन निवडा. काही लॅपटॉपवर उजेडाची बटणं "व्हिडिओ बस" किंवा "हॉटकीज" अशा नावाच्या वेगळ्या वाटेने येतात.

मग नुसतं एफएन दाबून बघा. काही उमटलं नाही, तर निर्णय चिपच्या हातात आहे असं धरून चाला. ॲपलच्या कीबोर्डवर मात्र "की अंडरस्कोर एफएन" स्वच्छ दिसतं. लेनोव्होचे काही थिंकपॅडही एफएनची खबर देतात, पण त्यांचाही निर्णय आतच होतो.

हे साधन चालू असताना दाबलेलं प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटतं. तेव्हा पासवर्ड टाइप करू नका आणि त्या पडद्याचा फोटो कुणाला पाठवू नका.

सगळ्यात सोपा उपाय: एफएन आणि एस्केप

एस्केपच्या बटणावर बारीकसं कुलूप छापलं आहे का, बघा. त्यात "एफएन" ही अक्षरंही असू शकतात. असेल, तर एफएन धरून एस्केप एकदा दाबा. झालं काम. लेनोव्हो, डेल आणि एसूसच्या अनेक मॉडेलवर हे चालतं. एचपीच्या काही मशीनवर एफएन आणि डावं शिफ्ट अशी जोडी असते. पुन्हा तेच दाबलं की मूळ वागणूक परत येते, म्हणून करून बघण्यात काहीही धोका नाही.

घरात लहान मूल असेल, तर हे आधीच तपासा. मुलांच्या हातून ही जोडी सहज दाबली जाते आणि आई-बाबांना वाटतं की मशीन बिघडलं.

बायोसमधला बदल

कुलूप नाही, किंवा मशीन बंद-चालू केल्यावर वागणूक पुन्हा पहिल्यासारखी होते, असं असेल तर बायोसमध्ये जायचं. काकूंचं काम इथेच झालं.

आत शिरायचे दोन मार्ग आहेत. मशीन सुरू होताना ठरलेलं बटण पटापट दाबत राहणं हा एक. डेलवर एफ-२. एचपीवर एस्केप आणि मग एफ-१०. थिंकपॅडवर एफ-१. लेनोव्होच्याच आयडियापॅडवर एफ-२, किंवा कडेला असलेलं नोव्होचं बारीक बटण. फंक्शन बटणं उलटी झालेली असतील, तर नुसतं एफ-२ दाबून काही मशीन आत घेत नाहीत. अशा वेळी एफएन धरून एफ-२ दाबून बघा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात वेळ साधावी लागत नाही. टर्मिनलमध्ये लिहा:

सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप

पहिला शब्द सलग आहे: एस-वाय-एस-टी-ई-एम-सी-टी-एल. "फर्मवेअर"च्या आधी दोन आडव्या रेघा, मध्ये एक. मशीन थेट बायोसमध्येच उघडेल. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) पद्धतीने चालणाऱ्या लॅपटॉपवरच हे होतं, फार जुन्यांवर पहिलाच मार्ग धरावा लागतो. उघडलेलं सगळं काम आधी जतन करा.

आत गेल्यावर नाव शोधायचं. एचपीत "सिस्टिम कॉन्फिगरेशन" खाली "ॲक्शन कीज मोड" असतं, ते "डिसेबल्ड" करा. आयडियापॅडमध्ये "कॉन्फिगरेशन" खाली "हॉटकी मोड", तेही "डिसेबल्ड". थिंकपॅडमध्ये "कॉन्फिग", मग "कीबोर्ड/माउस", आणि तिथे एफ-१ ते एफ-१२ ही मुख्य कामं धरायची का, असा पर्याय असतो. तो चालू करा. डेलच्या इन्स्पिरॉनवर "ॲडव्हान्स्ड" मध्ये "फंक्शन की बिहेव्हियर" असतं, तिथे "मल्टिमीडिया की" ऐवजी "फंक्शन की" निवडा. मॉडेलनुसार शब्द थोडे इकडे-तिकडे होतात. "हॉटकी", "ॲक्शन की" किंवा "फंक्शन की" यांपैकी काहीतरी दिसेलच. बहुतेक मशीनवर एफ-१० दाबलं की बदल जतन होऊन मशीन पुन्हा सुरू होतं. पडद्याच्या खालच्या ओळीत काय लिहिलं आहे ते एकदा वाचून घ्या.

बाकी कशाला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. विशेषतः साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत. "एएचसीआय" आणि "रेड" यांची अदलाबदल झाली तर लिनक्स सुरूच होणार नाही असं होऊ शकतं, आणि दोष मात्र लिनक्सवर येईल. काहीही बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकून काही बदललं असं वाटलं, तर जतन न करता बाहेर पडायचा पर्याय असतो, तो वापरा.

ॲपल आणि कीक्रॉन: इथे टर्मिनलच हवं

जुन्या इंटेल मॅकबुकवर लिनक्स टाकणारे आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत, आणि कीक्रॉनचे कीबोर्ड तर कोडिंग करणाऱ्या मुलांच्या टेबलावर हमखास असतात. कीक्रॉनची अनेक मॉडेल संगणकाशी बोलताना ॲपलचीच ओळखसंख्या सांगतात. "एलएसयूएसबी" ही आज्ञा दिली, तर त्यांच्या जागी ॲपलचं नाव दिसतं. त्यामुळे लिनक्स दोघांनाही एकाच ड्रायव्हरच्या हवाली करतं. त्या ड्रायव्हरचं नाव एचआयडी-अंडरस्कोर-ॲपल.

तो चालू आहे का, ते आधी बघा:

एलएसमॉड | ग्रेप एचआयडी_ॲपल

मधली उभी रेघ एंटरच्या वरच्या बटणावर शिफ्टसह मिळते. ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी. उत्तरात एखादी ओळ आली, तर पुढे चला. काहीच आलं नाही, तर हा भाग तुमच्यासाठी नाही.

आता सध्याचा आकडा वाचा:

कॅट /सिस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/पॅरामीटर्स/एफएनमोड

सिस म्हणजे एस-वाय-एस. मॉड्यूल एकवचनी, पॅरामीटर्स अनेकवचनी. टॅबची सोय इथे फार उपयोगी पडते. उत्तरात एकच आकडा येईल. ० म्हणजे ड्रायव्हर एफएनकडे लक्षच देत नाही. १ म्हणजे नुसतं दाबल्यावर आवाज-उजेड, आणि एफएन धरलं तर एफ-१ ते एफ-१२. २ म्हणजे याच्या उलट. ३ म्हणजे ड्रायव्हर स्वतः अंदाज करतो: कीबोर्ड खरा ॲपलचा वाटला तर १ सारखा वागतो, नाहीतर २ सारखा. सहाव्या मालिकेच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मूळ आकडा ३ च आहे. आपल्याला हवा आहे २.

आधी तात्पुरता बदलून बघू:

ईको २ | सुडो टी /सिस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/पॅरामीटर्स/एफएनमोड

ईको म्हणजे ई-सी-एच-ओ, टी म्हणजे टी-ई-ई, आणि दोनचा आकडा इंग्रजी. एंटर मारा आणि लगेच एफ-२ दाबून बघा, बदल त्याच क्षणी होतो. मन भरलं नाही तर २ च्या जागी जुना आकडा टाकून तीच आज्ञा पुन्हा द्या. मशीन बंद केलं की हा बदल पुसला जातो, म्हणून प्रयोगाला हीच जागा योग्य.

काही जण टी ऐवजी "मोठं आहे" या चिन्हाने थेट फाइलमध्ये लिहायला जातात आणि "परवानगी नाही" असं उत्तर मिळतं. सुडो लावलं असूनही असं का? कारण त्या चिन्हाचं काम सुडो करत नाही, तुमचं साधं टर्मिनल करतं, आणि त्याला तिथे लिहायचा अधिकार नाही. टी मात्र सुडोच्या अधिकारानेच लिहितं.

वागणूक पटली की ती कायम करा:

ईको ऑप्शन्स एचआयडी_ॲपल एफएनमोड=२ | सुडो टी /ईटीसी/मॉडप्रोब.डी/एचआयडी_ॲपल.कॉन्फ

"बरोबर" चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. मॉडप्रोब म्हणजे एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई, त्यापुढे टिंब आणि नुसतं डी. फाइलचं शेपूट टिंब सी-ओ-एन-एफ. याच नावाची फाइल तुम्ही आधी केली असेल, तर ही आज्ञा तिच्यातला जुना मजकूर पुसते. तो ठेवायचा असेल तर टी नंतर जागा सोडून "-ए" लिहा, म्हणजे नवी ओळ खाली जोडली जाईल.

इतकं करून थांबणारे पुष्कळ, आणि मग रीबूट केल्यावर "बदल गेला" म्हणून हताश होतात. हा ड्रायव्हर मशीन सुरू होताना अगदी पहिल्या टप्प्यात, एका छोट्या गाठोड्यातून उचलला जाऊ शकतो. त्या गाठोड्याचं नाव इनिटरॅमएफएस, आय-एन-आय-टी-आर-ए-एम-एफ-एस. आपण लिहिलेली फाइल त्या गाठोड्यात अजून नाही. म्हणून ते नव्याने बांधायचं. मिंट, उबुंटू, डेबियनवर:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

लिनक्सचे दुसरे प्रकार असतील तर, फेडोरावर "सुडो ड्रॅकट --फोर्स" (ड्रॅकट म्हणजे डी-आर-ए-सी-यू-टी), आर्चवर "सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी", यातला शेवटचा पी मोठा. मिनिटभर लागेल. ते संपेपर्यंत लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, मधेच बंद पडायला नको. मग रीबूट करा आणि मघाची कॅटवाली आज्ञा पुन्हा देऊन २ दिसतो का, खात्री करा.

लॉजिटेकचा कीबोर्ड असेल तर

"सोलार" नावाचं छोटं ॲप मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं. स्पेलिंगमध्ये दोन ए: एस-ओ-एल-ए-ए-आर. ते उघडून आपला कीबोर्ड निवडा. मॉडेलला सोय असेल तर "स्वॅप एफएक्स फंक्शन" असा खटका दिसेल. काहींवर एफएन-एस्केपही चालतं.

सगळी ओळ उलटी करायची नसेल तर

कधीकधी अडचण एकाच बटणाची असते. बाजारातून आणलेल्या साध्या कीबोर्डवर आवाजाची बटणंच नसतात, किंवा एफ-१ ते एफ-१२ जिथल्या तिथे हवीत पण आवाजासाठी सोपी जोडी हवी असते. मिंटमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग शॉर्टकट्स उघडा. "साउंड अँड मीडिया" मध्ये आवाज कमी-जास्त करण्याच्या ओळी आहेत. खालच्या चौकटीत रिकामी जागा निवडून हवी ती जोडी दाबा. मी काकूंना सुपर आणि पेज डाउन अशी लावून दिली आहे. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. चुकलं तर तीच चौकट पुन्हा निवडून बॅकस्पेस दाबा, नेमणूक पुसली जाते.

बटणं सुधारल्यावर कामाला येणारी

कॅल्कमध्ये एफ-२ ने चौकटीतला मजकूर सुधारता येतो. सूत्र लिहिताना एफ-४ ने पत्त्यापुढे डॉलरचं चिन्ह लागतं-निघतं, आणि वर्गणीच्या तक्त्यात एकच दर खालपर्यंत ओढायचा असेल तर याच्यासारखी सोय नाही. एफ-७ शुद्धलेखन तपासतं. इंप्रेसमध्ये एफ-५ ने सादरीकरण सुरू होतं. फाइलींच्या खिडकीत एफ-२ नाव बदलतं. ब्राउझरमध्ये एफ-११ पूर्ण पडदा. ऑल्ट आणि एफ-४ खिडकी बंद करतं. हे शेवटचं "चालत नाही" असं वाटत होतं, तेही आता एफएन न धरता चालेल.

अचानक काळा पडदा आला तर

फंक्शन बटणं खरी चालू लागली की एक नवी गोष्ट हातून घडू शकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कंट्रोल आणि ऑल्ट धरून एफ-३ दाबलं गेलं, तर सगळ्या खिडक्या नाहीशा होऊन काळ्या पडद्यावर फक्त "लॉगिन" उरतं. काकूंचा दुसरा फोन याचाच होता, रात्री साडेदहाला, अर्धा हिशेब जतन न केलेला. हा लिनक्सचा अक्षरी कन्सोल आहे आणि तो मुद्दाम दिलेला असतो. मशीन बंद करू नका. मिंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-७ एकत्र दाबा. उबुंटूवर एफ-७ ऐवजी एफ-२, आणि त्याने नाही झालं तर एफ-१. तुमच्या खिडक्या होत्या तशाच उघड्या असतात, न जतन केलेल्या आकड्यांसकट. फोनवर "अरे, आलं सगळं परत" हे ऐकल्यावर मी काकूंना आधी कंट्रोल-एस दाबायला सांगितलं.